बिननावाची हाक

गणपती गेले की पेण एकदम रिकामं होतं. कारखान्यांच्या पुढे उरलेल्या मूर्तींवर प्लास्टिक चढतं, रंगाच्या डब्यांच्या तळाशी साय धरते, आणि आम्ही आखणीच्या बायका, म्हणजे मूर्तींचे डोळे काढणाऱ्या, स्वतःच्या डोळ्यांवर पाणी मारत घरी बसतो. मागोमाग पितृपक्ष येतो. वर्षभर हाकलून लावलेल्या कावळ्यांना आता लोक छपरावर चढून बोलावतात. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या शेतांत, भात निसवतं, लोंब्या बाहेर पडतात, आणि कासूकडून वारा आला की कोवळ्या दाण्याचा दुधाळ वास आणि खाडीच्या चिखलाचा वास बरोबरच नाकात शिरतात. लोकांना श्रावण आवडतो, चैत्र आवडतो. पितृपक्ष आवडतो म्हणणारी मी एकटीच असेन. आवडतो म्हणजे काय, माझं या दिवसांशी भांडण आहे, आणि ज्याच्याशी भांडण असतं त्याची आपण जरा जास्तच वाट बघतो.

आमच्या माहेरी सर्वपित्री अवसेला एक नारळ जादा आणायची रीत. एक पितरांचा, एक गिऱ्ह्याचा. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. बुडून मेलेला माणूस गिऱ्हा होतो, ओळखीच्या आवाजात हाक मारतो, आणि जो ओ देईल त्याला खोल पाण्यात घेऊन जातो. त्याची एकच खूण, तो नाव घेत नाही. नुसती हाक मारतो. उधाण चढलं की बाबा बांधावर जाऊन दुसरा नारळ पाण्यात सोडायचे, हात जोडायचे, आणि मागे न बघता घरी यायचे. मला समजायला लागलं तेव्हापासून हे चालू होतं. यंदा तो नारळ आईने सरळ फोडला, खवला, आणि पितरांच्या वड्यांबरोबर खायला चटणी वाटली. बाबांनी ती दोनदा मागून घेतली.

याच आठवड्यात तो सिनेमा पुन्हा टीव्हीवर लागला. सत्यघटनेवर आधारित. सत्य म्हणजे माझी आई. अंगणात लसूण सोलत बसली होती आणि आत ती पडद्यावर बिबट्याशी लढत होती. शेजारची सून धावत आली, "काकी, तुमचा पिच्चर लागलाय!" आई म्हणाली, "लागू दे. मी बघितलाय." डोंगरातल्या हाकेचा सीन जवळ आला तसे बाबा रिमोट शोधायला लागले. रिमोट त्यांच्या हातातच होता.

आई मूळची रोह्याकडची, कुंडलिकेच्या वरच्या अंगाची. भात, वाल, मागे डोंगर. लग्न होईपर्यंत तिने भरती पाहिली नव्हती. नदीला पूर येतो आणि निघून जातो, एवढंच पाणी तिला ठाऊक. आमच्याकडे पाणी रोज दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि त्याला अडवायला माणसांनी मातीचे काठे घातलेत. काठा म्हणजे बांधच, पण गावाचा जीव त्याच्यावर. काठ्याच्या आत भात, बाहेर खाडी. काठा फुटला की त्याला म्हणायचं खांड गेली. ही आरोळी आली की घरटी एक माणूस उठलाच पाहिजे, मग कुणाचं लग्न असो की कुणाचं मयत. चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे आणि खांड बांधायची. आईला सासरी आल्यावर शिकवलेल्या पहिल्या शब्दांपैकी हा एक.

लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं होतं. मथुराची सुनंदा झाली. जेवायला बसताना एक उखाणाही झाला, त्यात बाबांनी सुनंदाचं यमक कशाशी तरी जुळवलं, मंडळी हसली, आणि ते नाव तिथेच संपलं. सासू तिला 'गो' म्हणायची, मोठे दीर 'घरातली' म्हणायचे, बाबा म्हणायचे 'अगो'. आता कुणी म्हणेल, त्या काळी सगळीकडे हेच होतं, आणि तीही कुठे नवऱ्याचं नाव घेत होती? नव्हती घेत. पण बाबांचं नाव घ्यायला अख्खं गाव होतं. देवळात त्यांचं नाव पुकारलं जायचं, खांडीवर पुकारलं जायचं, तलाठी पुकारायचा, मित्र पुकारायचे. आईचं नाव तांदळात लिहिलं, आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले.

लग्नाला वर्ष होत आलं होतं. त्या वर्षीचं सर्वपित्री अवसेचं उधाण मोठं होतं, वर वारा होता. माझा तेव्हा अजून पत्ता नव्हता. म्हशीसाठी तिवराचा पाला तोडायला बायका काठ्याबाहेर गेल्या होत्या. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात उभी असतात ती झाडं. शहाण्या बायका पाणी फिरायच्या आधी परतल्या. आई पुढे गेली, कारण गेलेलं पाणी गेलं, असा तिचा डोंगरी समज. मग पाणी आलं, ती काठ्यावर चढली, आणि परतीच्या पाण्याने खांड गेली ती नेमकी तिच्या पायाखाली. काठ्यावरून चढून आत शेतांत भरलेलं सगळं पाणी त्या फटीतून खाडीकडे सुटलं आणि त्याने आईला नेऊन पलीकडच्या तिवरांत टाकलं. तिथे पूर्वी एक खार होतं, म्हणजे आमच्यासारखीच शेती. कधीकाळी समुद्राने ते घेतलं, माणसं उठून गेली, तिवर माजले. जुन्या काठ्याचा एक उंचवटा तेवढा पाण्यावर उरलेला. पाय घोट्यात मुरगळला होता. त्या उंचवट्यावरून तिला आपल्या गावच्या देवळाचा कळस दिसत होता, आणि हाक मात्र पोचत नव्हती, इतका वारा.

हस्ताच्या सरी दुपारच्या पडायच्या, त्यात ती लुगडं पसरायची आणि तोंडात पिळायची. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीचे खेकडे, कच्च्या फोडून खायची. खारट मोरसचा पाला चघळायची, आणि मग तहानेने जीव जायचा म्हणून तोही सोडला. एक कोल्हा रोज यायचा, तिच्याकडे बघायचा आणि जायचा. "त्याला वाटला असेल, ही अजून ताजी हाय," असं आई सांगते. आम्ही भावंडं लहानपणी या वाक्याला हमखास हसायचो.

आणि मग होडी. ही गोष्ट आम्ही दर पितृपक्षात ऐकायचो, आजीच्या तोंडून, आईच्या तोंडून, गावातल्या कुणाच्याही तोंडून. बाबा आणि आणखी दोघं होडी घेऊन तिवरांत शिरले होते. वल्ही मारून बाबांच्या हाताला फोड आलेले. बाबा तोंडाला हात लावून ओरडत होते, "अगोऽऽ! अगोऽऽ!" होडी तिच्या पुढून गेली. आईने ओ दिली नाही. का? तर हाक बिननावाची होती. एवढ्या पाण्यात, एवढ्या वाऱ्यात, ओळखीचा आवाज आणि नाव नाही, म्हणजे गिऱ्हाच की. ती तिवरांत आणखी आत सरकली. होडी गेली. गावातल्या म्हाताऱ्या यावर मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, पोरगी डोंगरातली खरी पण शहाणी. कुणाच्या मनात आलं नाही की हाक मारणाऱ्याने नाव घेतलं असतं तर हा गिऱ्हा जन्मालाच आला नसता. माझ्या मनात आलं होतं, शाळेत असताना. मी बोलून दाखवलं आणि आजीने मला पाठीत धपाटा घातला.

शेवटी आई स्वतःच आली. उधाण उतरलं, भांगाचे दिवस आले, म्हणजे पाण्याचा जोर मोडला. पाण्याखाली बुडालेला जुना काठा तिने पायाने चाचपला, हातात तिवराची काठी घेतली, आणि कुठे छातीभर पाण्यातून, कुठे चिखलावर पालथी सरकत, मोठा वळसा घालून ती निघाली. इकडे गावाने आशा सोडली होती. काही जणांनी तर ती रागावून रोह्याला माहेरी गेली असंही उठवलं होतं. सगळी माणसं खांड बांधत होती. बाबांच्या डोक्यावर चिखलाचं घमेलं होतं. आणि खाडीच्या बाजूने, जिकडून कधी कुणी येत नाही तिकडून, आई चालत आली. बाबा घमेलं घेऊन तसेच उभे राहिले. बोलली ती सासू. म्हणाली, "कुठं व्हतीस गो?" जसा बाजारातून यायला उशीर झाला होता. आई म्हणाली, "हितंच."

हे 'हितंच' मला फार आवडतं. सिनेमाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत होतं, निर्जन अरण्यात एकटी स्त्री. कसलं निर्जन, कसलं अरण्य? कळस दिसत होता समोर. आमच्या परसाच्या पुढे आमचा काठा आणि काठ्याच्या पुढे ते तिवर. लोकांना माणूस मरायचं ठिकाण लांब हवं असतं, दऱ्याखोऱ्यांत, तिकीट काढून बघायला जाता येईल असं. घराच्या नजरेसमोर माणूस हरवू शकतं, हे पडद्यावर कोण बघेल? शेजारी बसलेल्या बाईकडे बघावं लागेल मग.

तर सिनेमा. ती दिग्दर्शिका मुंबईची, माझ्या मुलीच्या वयाची, आमच्या कारखान्यात गणपतींचं शूटिंग करायला आली होती. मी डोळे आखत होते आणि ती माझ्या खांद्यावरून बघत होती. आखणीचं एक असतं, सगळी मूर्ती कुणीही रंगवावी, बुबुळ चुकलं की देव भलत्याकडेच बघतो. असं काही बोलता बोलता आईची गोष्ट निघाली. पोरीने कॅमेरा बंद केला आणि खाली मातीत बसली. दुसऱ्या दिवशी आमच्या घरी हजर. आईने तिला चहा दिला, पोहे दिले, सगळं सांगितलं. पोरगी गुणी होती, खोटं कशाला बोलू. ऐकताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती दिवस होतात तिथे?" तिने विचारलं.

"मोजले नाय. मी काय सुट्टीवर गेल्ते?" आई म्हणाली.

जाताना पोरीने विचारलं की आई, सिनेमा म्हटला की थोडं इकडेतिकडे करावं लागतं, चालेल ना? आईने जरा विचार केला. मग म्हणाली, "काय बदलायचा ता बदल. वाघ घाल, साप घाल, माझ्या अंगावर चांगली साडी घाल. एक बदलू नको. मी माझ्या पायानं आले. कोणाच्या हाकंनं नाय आले. तेवढा ठेव."

"नक्की आई," पोरगी म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला.

आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. भाजीवाल्याकडे कोथिंबीर सुद्धा मागत नाही, तो देईल तर घेते. ही एवढी एक गोष्ट तिने मागितली होती. आपल्या पायाने आले. सत्तरीच्या बाईजवळ आपली म्हणावी अशी काय चीज असते? घर नवऱ्याचं, शेत दिरांत वाटलेलं, मुलं आपापल्या संसाराची. तिच्याजवळ ती चाल होती, काठा चाचपत आलेली.

शूटिंग तिवरांत झालं नाही. परवानग्या मिळेनात, चिखलात कॅमेरे रुतायला लागले. मग मंडळी रोह्याच्या पलीकडच्या डोंगरात गेली. म्हणजे आईच्या माहेरच्या अंगाला. माझा नवरा रोह्याच्या कंपनीत आहे, शिफ्ट सुटली की जाऊन बघून यायचा आणि सांगायचा, आज धबधबा झाला, आज बिबट्या आणला, खोटा. आई हे ऐकून म्हणाली, "त्या डोंगरात मी हरवीन? तिथं तर मी डोळे बांधून गुरं राखीन." तिला बिबट्याचं काही वाटलं नाही. डोंगराचं वाटलं. तिच्या माहेराला उगाच बट्टा लागला, असं ती म्हणत राहिली.

गेल्या वर्षी गणपतीनंतर पेणच्या थेटरात आम्ही सगळे गेलो, चिवड्याची पिशवी घेऊन. नायिकेचं नाव अवनी. आमच्या खारेपाटात त्या काळी अवनी नावाची बाई कुणी शोधायला निघाला असता तर तो माणूसच हरवला असता. अवनी डोंगरात हरवते, धबधब्याखाली भिजते, तिच्या भुवया शेवटपर्यंत कोरलेल्या राहतात. पडद्यावर दिवसांचे आकडे येत राहतात. आणि शेवटी ती एका कपारीत डोळे मिटून पडलेली असताना तिचा नवरा कड्याच्या टोकावर उभा राहतो, दोन्ही हात पसरतो, आणि ओरडतो, "अवनीऽऽऽ!" तीन डोंगरांतून हाक घुमते. अवनीचं बोट हलतं. अवनी डोळे उघडते. अवनी उठते आणि हाकेच्या दिशेने धावत सुटते. थेटरात शिट्ट्या पडल्या. मी आईकडे बघितलं. ती चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. बाहेर आल्यावर भावाने विचारलं, कसा वाटला? आई म्हणाली, "बिबट्या चांगला व्हता."

"आणि बाकी?"

"बाकी ती बाय माझी कोण नाय."

मी दिग्दर्शिकेला फोन लावला. तावातावाने बोलले. ती रडवेली झाली. म्हणाली, ताई, शूट केलं होतं तसंच, ती स्वतः चालत येते असंच, पण निर्माते म्हणाले, मग नवरा करतो काय संपूर्ण सिनेमात? प्रेक्षकाला हिरो हवा. निर्माता कोण, कुठला, मला ठाऊक नाही. पण एवढं कळलं की बाई आपली आपण आली तर त्या माणसाचे पैसे बुडतात.

आणि मग जे झालं त्याला मी मोसमच म्हणते, बाबांचा मोसम. सगळा पितृपक्ष आणि पुढचं नवरात्र बाबा हिरो होते. नाक्यावर चहाला बसले की लोक म्हणायचे, "काका, एकदा हाक मारा की!" कासूच्या स्टेशनवर पोरं त्यांना बघून "अवनीऽऽ" करायची. त्यांनी नवी टोपी घेतली. ऐंशीला आलेला माणूस ताठ चालायला लागला. मला राग यायचा आणि हसूही यायचं. पहिल्यांदा ते लाजून म्हणायचे, "नाय रे, असा काय झाला नाय." मग म्हणायला लागले, "झाला थोडाफार." एके दिवशी मी माझ्या कानांनी ऐकलं, ते पाहुण्याला सांगत होते, "मी नावानं हाक मारली, तवा तिला शुद्ध आली." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना तसं आठवायलाच लागलं होतं. आई आत भाकऱ्या थापत होती. थापायचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

नवरात्रात सगळ्यांना दुर्गा आठवतात. पेणच्या एका मंडळाने आईचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हॉल, खुर्च्यांना पांढरी कापडं. दिग्दर्शिकाही आली होती. बाबा आणि आई स्टेजवर शेजारी बसले होते. निवेदक उत्साही होता, त्याने जिद्द, सबला, सावित्री असं सगळं बोलून घेतलं, आणि मग बाबांसमोर माइक धरला. "काका, ज्या हाकेने काकूंना मृत्यूच्या दारातून परत आणलं, ती हाक आज आम्हाला ऐकायची आहे. ऐकायची ना?" लोक म्हणाले, ऐकायचीऽ! बाबांनी टोपी सारखी केली. उभे राहिले. खाकरले. आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "अवनीऽऽऽ!"

टाळ्या पडल्या. मला मान वर करवेना. हा माणूस, ज्याने माझ्या आईचं नाव उखाण्यानंतर तोंडातून काढलं नाही, तो भर सभेत एका कागदी बाईचं नाव इतकं मोकळं घेत होता. टाळ्या संपायच्या आत आई उठली. निवेदकाला वाटलं ती आभार मानणार, त्याने माइक पुढे केला. तिने तो काढूनच घेतला.

"माझा नाव सुनंदा," आई म्हणाली. "माहेरचा मथुरा. अवनी कोण ती मला ठाव नाय."

लोक हसले. त्यांचं हसू संपेपर्यंत ती थांबली.

"हाक आली व्हती, ता खरा हाय. पण तिच्यात अवनी नव्हती नि सुनंदा पण नव्हती. नुसता अगो. होडी पुढनं गेली, हे वरडत व्हते, अगोऽ अगोऽ. आनी मी आवाज वळखला. तो गिऱ्हा-बिऱ्हा काय नव्हता. नवऱ्याचा आवाज बायकोला वळखत नाय व्हय?"

गिऱ्ह्याची गोष्ट ठाऊक नसलेला माणूस आमच्या गावचा नसायचा, आणि आमचं निम्मं गाव तिथे बसलेलं होतं.

"आमच्या म्हशीला नाव व्हता. चांदी. म्हैस चुकली की हेच चांदीऽ चांदीऽ करत सगळा शिवार पालथा घालायचे. मला त्या घरात वरीसभर कोणी नावानं हाक मारली नव्हती. पाय ह्यो असा सुजलेला, पोटात काय नाय, आनी मला इतका राग आला, इतका राग आला! मी म्हटला, कंची अगो? गावात घरटी एक अगो हाय. जिला बोलावतायत ती जाईल. मी नाय ओ देत."

कुणीतरी मागून म्हणालं, "काय बाय ही!" कौतुक होतं की ठपका, कळलं नाही.

"मग होडी गेली. मग मी रडले. व्हय, रडले. अक्कल गहाण टाकलीस गो मथुरे, असा मीच मला म्हटला. तोवर मी बसून व्हते ना, कोण येईल, कोण नेईल. आता येऊन गेलेला माणूस परत कशाला येतो? मग बसून काय करू? उठले नि काठा धरला. ओ दिली असती तर होडीतनं आले असते. नाय दिली, म्हणून माझ्या पायानं आले. गिऱ्हा मी सांगितला मनाचा, ह्यांची मान खाली जायला नको म्हणून. माणूस वाईट नाय. लय शोधला मला. पण आज दुसरीचा नाव इतका सरळ आला तोंडात, मग माझाच काय अवघड व्हता? बस. इतकाच."

तिने माइक निवेदकाच्या हातात दिला आणि खुर्चीवर जाऊन बसली. शाल नीट केली. टाळ्या झाल्या नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. टाळ्या म्हणजे पुन्हा सिनेमाच झाला असता. मी पुढच्या रांगेत बसून सगळे पितृपक्ष आठवत होते. दर अवसेचा तो दुसरा नारळ. नसलेल्या भुताला आमच्या घराने वर्षानुवर्षं मान दिला, आणि असलेल्या बाईला एक नाव देता आलं नाही. गर्वाने माझा ऊर भरून आला आणि त्याच वेळी मला भीतीही वाटली, कारण ती मेली असती. हट्टापायी मेली असती आणि मी जन्मालाच आले नसते. तरीही मला वाटलं, बरं केलंस. मोठ्याने म्हणावंसं वाटलं. अजूनही वाटतं, यंदा भात निसवायला लागलं तेव्हाही वाटलं. लोक म्हणतात बायकांनी तुटेपर्यंत ताणू नये. मी म्हणते, ज्या दोरीला आपलं नावच बांधलेलं नाही ती तुटली तर आपलं काय गेलं?

खाली उतरल्यावर दिग्दर्शिका आईजवळ आली. तिचे डोळे लाल झाले होते. "आई, हे मला आधी का नाही सांगितलंत? मी हाच सिनेमा केला असता."

"सांगितला असता तर तू त्याच्यावर गाणा घातला असतास," आई म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला.

दिवेलागणीला आम्ही मिनीडोर रिक्षा ठरवून निघालो. मी त्या रात्री माहेरीच राहणार होते. बाबा समोरच्या बाकावर, आई माझ्या शेजारी, श्रीफळ तिच्या मांडीवर. वडखळचा नाका आला. नेहमीची गर्दी, अलिबागकडे वळणाऱ्या गाड्या, हॉर्न. नाका मागे पडला, दोन्ही बाजूंना भात लागलं, वारा आत यायला लागला. बाबा रस्त्याकडे बघत होते. मग आईकडे न बघताच त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता, त्या टोपीच्या माणसाचा नव्हता.

"आनी मेली असतीस तर?"

आईने शालीची घडी घातली. सावकाश, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"मेले असते तर पिंड पाडताना तरी नाव घ्यावा लागला असता तुमाला," ती म्हणाली. "भट काय अगोच्या नावानं पिंड पाडून देत नाय."

मिनीडोरवाला फस्सकन हसला. आई हसली नाही.